रानातल्या मुंग्या काय खातात, कुठून आणतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा ओसरला की आम्ही चार-पाच जण शाळेतल्या मुलांना घेऊन सिंधुदुर्गातल्या रानांत फिरतो. बिबट्या कुणालाच दिसत नाही, मुंग्या सगळ्यांना दिसतात. त्यामुळे घरी पोचल्यावर फोनवर जे प्रश्न येतात त्यांतले निम्मे मुंग्यांचेच, आणि दरवर्षी तेच ते. मुलांचे, पालकांचे, दोन-तीन बागायतदारांचे असे प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. मुंगी म्हटलं की साखर. पण रानात साखर कुठली? मग तिथल्या मुंग्या खातात काय?

रानातही गोड असतं, फक्त डब्यात भरलेलं नसतं. फणसाचा गळालेला गरा, जांभळं, करवंदं ही मोसमातली चैन झाली. बारा महिन्यांचं गोड येतं ते झाडांचा रस शोषणाऱ्या किड्यांकडून (प्रश्न 6) आणि पानांच्या देठांवरच्या मधाच्या थेंबांतून (प्रश्न 7). त्याशिवाय किडे, वाळवी, मेलेलं गांडूळ, पाखरांची विष्ठा, गवताचं बी, एरंडाच्या बीवरचा तेलकट कोंब, असं बरंच काही चालतं.

पण सगळ्यांना सगळं चालत नाही. भारतातल्या मुंग्यांची 2016 साली छापलेली यादी 828 जाती-उपजातींची आहे. त्यात निव्वळ शिकारी आहेत, दाणे दळणाऱ्या आहेत, दुसऱ्या मुंग्यांची पिल्लं पळवून खाणाऱ्याही आहेत. त्यामुळे ‘मुंग्यांना काय आवडतं’ या प्रश्नाला पहिलं उत्तर, ‘कुठल्या मुंग्यांना?’ दुसरं, ‘कधी?’ त्यासाठी प्रश्न 3 पाहा.

2. मुंगी एवढा मोठा नाकतोडा ओढत नेते. भूक लागलेली असते तर जागेवरच का खात नाही?

कारण तिला तो खाताच येत नाही. मोठ्या मुंगीला घन पदार्थ गिळता येत नाही. तिच्या तोंडात एक लहानशी पिशवी असते, ती गाळणीचं काम करते. रस आत जातो, चोथा तिथेच अडकतो, मग त्याची गोळी करून ती टाकून देते. नाकतोड्याचं मांस पचवायची सोय आहे घरातल्या अळ्यांकडे. म्हणून तो घरी न्यायचा, अळ्यांपुढे ठेवायचा. काही जातींत अळ्या खाऊन झाल्यावर मोठ्यांना रस परत देतात. म्हणजे पाळण्यातल्या बाळांनी जेवायचं आणि त्यांच्या तोंडून घरच्यांनी.

मुंगीच्या पोटात दोन कप्पे असतात. मागचं पोट तिचं स्वतःचं. पुढचं गावजेवणाचं: त्यातला रस ती पचवत नाही, घरी जाऊन तोंडाला तोंड लावून वाटते. पोट फुगलेली मुंगी दिसली तर ‘खाऊन सुस्तावली’ म्हणू नका, ती कावड घेऊन निघालेली असते.

हे एकदा लक्षात आलं की पुढचे बरेच प्रश्न सुटतात. बाहेर भटकणारी मुंगी स्वतःच्या जिभेसाठी फिरत नसते, घरच्या यादीप्रमाणे बाजार करत असते.

3. आम्ही बिळाजवळ गूळ ठेवला, मुंग्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. असं कसं?

त्या दिवशी यादीत गूळ नसेल. कामकरी मुंग्यांना पळायला ताकद लागते ती गोडातून. वाढणाऱ्या अळ्यांना आणि अंडी घालणाऱ्या राणीला लागतं ते प्रथिन. घरात अळ्या भरपूर असतील तेव्हा मांसाची मागणी वाढते, अळ्या नसतील तेव्हा गोड पुढे सरकतं. शिवाय जे आधीच मुबलक मिळतंय त्याची किंमत कमी. शेजारच्या झाडावर मावा (रस शोषणारे बारीक किडे, प्रश्न 6) भरून वाहत असेल तर तुमच्या गुळाला कोण विचारतो?

आमच्या परसामागे लगेच रान सुरू होतं. एका ऑक्टोबरात संध्याकाळी फणसाच्या पानावर तीन ढीग ठेवले: गूळ, सुकट, खोबऱ्याचा कीस. वीस मिनिटांत मोठ्या डोक्याच्या बारीक तपकिरी मुंग्या सुकटीवर तुटून पडल्या. सुकटीच्या एका सोड्याला सात-आठ जणी लागल्या होत्या, निम्म्या एका बाजूला ओढतायत, निम्म्या दुसऱ्या, आणि तरी तो सोडा बिळाकडे सरकत होता. सकाळी खोबरं अर्धं उरलेलं, गूळ दवाने पाघळलेला, जवळपास अस्पर्श. मे महिन्यात तोच खेळ केला तर गुळापासून सुरुवात झाली. एका परसातल्या दोन संध्याकाळींवरून नियम काढू नये, पण करून बघा, मुलं तासभर हलत नाहीत.

प्रयोगशाळेत एक गंमत दिसली आहे. कामकरी मुंग्यांना नुसतं प्रथिनांनी भरलेलं खाणं दिलं आणि घरात अळ्या नसल्या, तर त्या लवकर मरतात. अळ्या असल्या की तेच खाणं निभावून जातं, कारण पचवणारं पोट घरात असतं.

4. एकीला सापडलं की पाच मिनिटांत शंभर हजर. त्यांना कळवतं कोण?

पहिलीच कळवते. परतताना ती पोटाचं टोक मधूनमधून जमिनीला टेकवते आणि वासाचा सूक्ष्म थेंब सोडते. घरी पोचल्यावर तोंडातल्या रसाची चव देते. ज्या बाहेर पडतात त्या तो वास मिशांनी चाचपत जातात, आणि खाणं मिळालं तर येताना आपलाही थेंब टाकतात. वाट पक्की होते. खाणं संपलं की रिकाम्या परतणाऱ्या थेंब टाकत नाहीत, वास उडून जातो, वाट मोडते. कुणी हुकूम सोडत नाही.

जवळची वाट कशी निवडतात, हेही यातूनच सुटतं. ब्रसेल्सच्या संशोधकांनी 1989 मध्ये मुंग्यांना खाण्यापर्यंत जायला एक आखूड आणि एक लांब असे दोन पूल दिले. आखूड पुलावरच्या मुंग्या आधी परतल्या, तिथला वास आधी दाट झाला, आणि थोड्याच वेळात बहुतेक वाहतूक तिथून सुरू झाली. एकाही मुंगीने दोन्ही पूल मोजले नव्हते.

रांगेवर आडवं बोट फिरवून पाहा. दोन्ही बाजूंच्या मुंग्या तिथे येऊन अडखळतात, घुटमळतात, मग एखादी धाडसी पलीकडे जाते. एवढा एकच प्रयोग करा, रोज करू नका.

5. पण काही मुंग्या एकट्याच फिरताना दिसतात. त्यांची रांग नसते का?

नसते. उदाहरण द्यायचं तर उडी मारणारी मुंगी, हार्पेग्नाथॉस सॉल्टेटर. कर्नाटक-केरळच्या घाटांत ती चांगली माहीत आहे. टपोरे डोळे, चिमट्यासारखे लांब जबडे. दिवसाउजेडी एकटी निघते, भक्ष्य नजरेने हेरते, झेप घेते, नांगी मारून त्याला लुळं करते आणि जिवंतच घरी आणते, म्हणजे ताजं राहतं. एका कोळ्यासाठी शंभर जणी बोलावून काय करायचं? त्यामुळे हिला गंधाच्या वाटेची गरज पडत नाही. (2010 मध्ये मुंग्यांचे जनुकसंच पहिल्यांदा वाचले गेले त्या दोन जातींपैकी एक हीच.)

एकटी असूनही घर सापडतं ते खुणा लक्षात ठेवून आणि आकाशाकडे पाहून. सहारा वाळवंटातल्या मुंग्या तर पावलं मोजतात. 2006 मध्ये संशोधकांनी खाण्यापर्यंत पोचलेल्या मुंग्यांच्या पायांना डुकराच्या केसांच्या काठ्या चिकटवल्या. परतीला प्रत्येक पाऊल लांब पडलं आणि त्या बीळ ओलांडून पुढे गेल्या. पाय आखूड केलेल्या अलीकडेच थांबून घर शोधू लागल्या.

6. झाडाच्या शेंड्यावर माव्याजवळ मुंग्या असतात. त्या मावा खातात, म्हणजे झाडाचं भलंच ना?

उलटं आहे. त्या मावा राखतात. मावा, खवले कीड, पिठ्या ढेकूण हे सगळे झाडाचा रस पितात. रसात साखर फार आणि प्रथिन थोडं, म्हणून पुरेसं प्रथिन मिळवायला त्यांना खूप रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर मागून थेंबाथेंबाने सोडावी लागते. मुंगी मिशांनी माव्याला थोपटते, थेंब येतो, ती पिते. गोठ्यात धार काढावी तसं. बदल्यात लेडीबर्ड भुंगेरे आणि इतर शत्रूंना हाकलते. फार भूक लागली किंवा ‘गुरं’ जास्त झाली तर त्यातलीच काही खातेही.

निळ्या फुलपाखरांच्या कुळातल्या काही अळ्यांनीही हाच धंदा साधला आहे. ऐनाच्या पानावर ओंबिलांच्या (झाडावरच्या तांबड्या मुंग्या, प्रश्न 8) गराड्यात एखादी गुबगुबीत अळी शांतपणे पान खाताना दिसली तर ती बहुधा याच कुळातली. तिच्या पाठीवरच्या ग्रंथीतून गोड थेंब मिळतो, म्हणून ती जिवंत.

7. फूल नाही, मावा नाही, तरी देठाशी मुंग्या का घोटाळतात?

तिथे झाडाने स्वतःच मध ठेवलेला असतो. एरंडाच्या पानाच्या देठावर बारीक गाठी पाहा. टाकळा, कापूस यांनाही अशा ग्रंथी आहेत. मध खायला आलेल्या मुंग्या पान कुरतडणाऱ्या अळ्यांनाही उचलतात. पहारेकऱ्याला चहा देण्यातला प्रकार.

दक्षिणेकडच्या घाटांत हम्बोल्टिया ब्रुनोनिस नावाचं एक झुडूप आहे. काही झाडांच्या फांद्यांची पेरं पोकळ आणि फुगलेली असतात, त्यांत मुंग्या राहतात, कोवळ्या पानांवर त्यांना मधही मिळतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रेने बोर्जेस आणि सहकाऱ्यांनी त्याचा बरीच वर्षं अभ्यास केला आहे. गंमत म्हणजे त्या खोल्यांतले सगळेच भाडेकरू पहारा देत नाहीत. काही नुसते राहतात. एका पेरात तर चक्क झाडावर चढलेलं गांडूळही सापडतं.

8. काजूवर ओंबील आहेत. काढताना फार चावतात. घरटी जाळावीत का?

जाळू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ओंबील, काही ठिकाणी हुमले म्हणतात ते, पानं जोडून घरटं करणारे तांबडे शिकारी. झाडावर येणाऱ्या प्रत्येक हलत्या गोष्टीची ते झडती घेतात. भक्ष्याचे सहा पाय सहा दिशांना ताणून धरायचे आणि मग तुकडे करायचे ही त्यांची पद्धत. काजूच्या मोहोराचा रस शोषणारा ढेकण्या त्यांच्या राज्यात टिकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या काजूच्या बागांत हे मुद्दाम पाहिलं गेलं आहे. चीनमधल्या इ. स. 304 च्या मानल्या जाणाऱ्या एका ग्रंथात संत्र्या-लिंबांच्या झाडांवर सोडण्यासाठी ही घरटी बाजारात विकत मिळत, अशी नोंद आहे.

दुसरी बाजूही सांगतो. ओंबिलांना गोडही लागतं, त्यासाठी ते खवले कीड सांभाळतात (प्रश्न 6), आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. एखाद्या फांदीवर ते फार झालं तर तेवढी फांदी छाटावी. आणि बी गोळा करायला भल्या सकाळी, थंडाव्यात जावं. ऊन चढलं की ते जास्त चपळ होतात.

9. झाडाच्या फांदीवर काळं, मातीच्या मडक्यासारखं घरटं दिसलं. वाळवीचं का?

वाळवीचंही असू शकतं, पण आत-बाहेर मुंग्या दिसत असतील आणि डिवचल्यावर त्या शेपूट डोक्यावर उलटं उचलत असतील, तर ते क्रेमाटोगॅस्टर मुंग्यांचं. झाडाचे तंतू चावून त्याचा लगदा करून बांधलेलं. एकावर एक छपरं दिसतात म्हणून पॅगोडा मुंग्या म्हणतात. यांचा बराचसा भर किड्यांच्या गोड थेंबांवर असतो. तांबूस रंगाचा एक सुतार पक्षी याच मुंग्या खातो आणि त्यांच्याच नांदत्या घरट्याला भोक पाडून आपली अंडी घालतो. तरी मुंग्या तिथेच राहतात. हे कसं जमतं ते पाहायला मी दोनदा दुर्बीण घेऊन बसलो. मान दुखली, पक्षी आला नाही.

10. वारुळात मुंग्या पावसाळ्यासाठी धान्य साठवतात म्हणतात. खरं का?

वारूळ बांधते वाळवी. ती मुंगी नव्हेच, झुरळाच्या जवळची. मुंग्यांची घरं बहुतेक बिळांत, सालीखाली, पाचोळ्यात, झाडांवर. पण धान्याची गोष्ट खरी आहे, सगळ्या मुंग्यांची नसली तरी.

आणि तिचा पुरावा पुण्याचा आहे. कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या कर्नल साइक्सने पुण्यात पाहिलं की पावसात भिजलेलं गवताचं बी मुंग्या बिळाबाहेर आणून ढीग करून वाळत घालतात. 1835 मध्ये त्याने त्या जातीचं वर्णन केलं आणि तिला पुढची तजवीज करणारी या अर्थाचं ‘प्रॉव्हिडेन्स’ असं नाव दिलं. आज ती फाइडोली प्रॉव्हिडेन्स म्हणून ओळखली जाते. फाइडोली मुंग्यांत काही जणींची डोकी अंगाच्या मानाने प्रचंड असतात. ते डोकं म्हणजे जबड्यांच्या स्नायूंची कोठी, कठीण दाणे फोडायला. घरातलं जातंच.

कोरड्या माळावर अशा मुंग्यांच्या बिळाभोवती टरफलांचं कडं पडलेलं असतं. घाटातल्या दाट, ओल्या रानात दाणे साठवण्याची चाल कमी. तिथे साठवलेलं बुरसतं.

11. डब्याखाली पाण्याची ताटली ठेवली तरी मुंग्या येतातच. पोहतात का?

आधी भिंत आणि छत तपासा. हा प्रश्न रानाचा नाही, पण साइक्सचीच गोष्ट आठवली म्हणून घेतला. त्याने गोडाच्या टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले होते आणि टेबल भिंतीपासून जरा दूर सारलं होतं. मुंग्या भिंतीवर टेबलाच्याही वर चढल्या आणि तिथून खाली टेबलावर उड्या टाकू लागल्या. त्या जातीला त्याने ‘न थकणारी’ असं नाव दिलं.

12. काळ्या मुंग्यांची जाड रांग निघाली होती, परतताना प्रत्येकीच्या तोंडात पांढरं काहीतरी. अंडी का?

रांग घर बदलत असेल तर ते पांढरं म्हणजे त्यांच्याच अळ्या आणि कोष असतात. लोक त्यांना अंडी म्हणतात, खरी अंडी याहून बरीच बारीक. पण जाताना रिकामं आणि येताना भरलेलं तोंड असेल, तर वाळवीवर धाड घालून परतणाऱ्या लेप्टोजेनिस मुंग्या असण्याची शक्यता जास्त. पाऊस पडून गेल्यावर रानवाटेवर हे दृश्य हमखास. त्यांच्या वाटांना झाडासारख्या फांद्या फुटतात. त्या तशाच का फुटतात यावर बंगळूरच्या गणेशय्या आणि वीणा यांनी 1991 मध्ये शोधनिबंध लिहिला होता.

आणखी मोठा प्रकार कॅरेबारा डायव्हर्सा या लुटारू मुंग्यांचा. यांच्यात सगळ्यात थोराड कामकरी सगळ्यात लहान बहिणीच्या सुमारे 500 पट वजनाची असते. लहानग्या भक्ष्याला घेरून धरतात, थोराड चिरडतात, वाटेतल्या काटक्याही दूर करतात, आणि चार-दोन लहानग्या त्यांच्या डोक्यावर बसून फुकट प्रवास करतात. किडे, फळं, दाणे, काहीच वर्ज्य नाही.

13. घामेजलेल्या शर्टावर, लघवी केलेल्या जागी मुंग्या येतात. साखरेचा आजार असल्याचं लक्षण का?

आयुर्वेदाने प्रमेहाच्या खुणांत लघवीला मुंग्या लागणं सांगितलं आहे, आणि लघवीत साखर असेल तर त्या येणारच. पण साखर नसतानाही मोठे काळे डोंगळे येतात. त्यांच्या पोटात असे जीवाणू असतात की ज्यांना युरियातला नत्र वापरता येतो. म्हणून मुंग्यांवरून निदान करू नका, तपासणी करून घ्या.

घामाचं कारण मीठ. गोडावर जगणाऱ्या मुंग्यांना मिठाचा तुटवडा पडतो, शिकारी मुंग्यांना ते भक्ष्यातून मिळतं. अमेरिका खंडांतल्या रानांत 2008 मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की समुद्रापासून 100 किलोमीटरपेक्षा आत गेलं की मुंग्या मिठाकडे जास्त ओढल्या जातात. किनाऱ्यावर खारा वारा फुकटात मीठ पुरवतो.

14. एका बिळाच्या तोंडाशी पिसं आणि मेलेल्या मुंग्या रचून ठेवल्या होत्या. कचरा का?

काळ्या, खरखरीत अंगाच्या डायाकामा मुंग्या असतील तर ती पाण्याची सोय आहे. रात्री पिसांवर दव धरतं, सकाळी त्या थेंब पितात किंवा जबड्यांत धरून आत नेतात. भारतातलं हे निरीक्षण 1985 मध्ये छापून आलं. कोरड्या दिवसांत पहाटे जाऊन पाहा, ऊन आलं की थेंब गेले.

15. टीव्हीवर दिसतात तशा पानं कापून नेणाऱ्या मुंग्या आपल्या रानात आहेत का?

नाहीत. त्या फक्त अमेरिका खंडांत, आणि तिथेही पान खात नाहीत, त्यावर बुरशी पिकवून ती खातात. आपल्याकडे गुलाबाच्या पानाला गोल कातर दिसली तर ते एका एकांड्या माशीचं, मधमाशीच्या नातेवाइकाचं काम. ओंबील पानं वाकवतात, पण खायला नाही, घराला.

मात्र मुंग्या झाडाला तोंड लावतच नाहीत असं म्हणायला गेलं की डोरिलस ओरिएंटॅलिस आडवी येते. जमिनीखाली राहणारी, आंधळी, शिकारी लष्करी मुंग्यांच्या घराण्यातली. पण ही बटाटे आणि भुईमुगाच्या शेंगा पोखरते. आसामातले बटाटा पिकवणारे तिला चांगले ओळखतात.

16. मुंग्या एरंडाचं बी ओढून नेतात आणि नंतर बाहेर फेकतात. चुकून नेतात का?

नाही, हव्या त्या वस्तूसाठीच नेतात. बीच्या टोकाला छोटा पांढरट, तेलकट कोंब असतो. तेवढा अळ्यांना भरवतात, कठीण बी उकिरड्यावर टाकतात. उकिरड्यावर खत आयतं, बी तिथे रुजतं. काडीकिड्यांच्या काही जातींच्या अंड्यांवरही असाच कोंब असतो, आणि मुंग्या तीही बी समजून बिळात नेतात.

17. ओंबिलांमध्ये एक ओंबील वेगळाच चालत होता, धागा सोडून लटकला. तो पण मुंगीच का?

पाय मोजा. आठ भरले तर तो ओंबिलाचं सोंग घेतलेला कोळी आहे. पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत हलवतो, म्हणून पहिल्या मोजणीत सहाच भरतात.